दुबार नाव

परदेशात एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी आली, त्या वर्षी बारामतीच्या आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘मानवी क्लोनला वारसाहक्क असावा का?’ भाषण मी लिहिलं आणि केलं माझ्या बहिणीनं. आम्ही जुळ्या. ती माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी. लिहायचं मी आणि बोलायचं तिनं, ही वाटणी शाळेपासूनची.

मी लिहिलं होतं की क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं. चेहरा, रक्त सगळं सारखं असलं तरी ते दुसरं माणूस आहे. त्याला स्वतःचा जन्मदाखला हवा, स्वतःचं नाव हवं, स्वतःचा वाटा हवा. बहीण छान बोलली. मग विरुद्ध बाजूचा मुलगा उठला. “दाखल्यावर बापाचं नाव काय लिहिणार? बाप नाही तर वारसा कसला? झेरॉक्सला कधी मूळ कागदाची किंमत येते का?” टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “अरे, त्या दोघींनाच विचारा की, ओरिजिनल कोण आणि झेरॉक्स कोण!” सगळा हॉल हसला. परीक्षक सर हसले. माझी बहीणसुद्धा हसली. मी उठून सायकल स्टँडपाशी जाऊन उभी राहिले. बक्षीस झेरॉक्सवाल्याला मिळालं.

पप्पांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. ते बारामतीत सरकारी नोकरीत होते, पण इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांची आणि तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, सामाईक जमीन होती. पप्पांच्या जागी वारसांची नावं लावायला अर्ज दिलेला होता. तात्या एका दुपारी नोंदीची नक्कल घेऊन घरी आले. मम्मीनं ती न वाचताच देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या पप्पांच्या फाइलीत ठेवली. मी ती बाहेर काढली, कारण कागद वाचल्याशिवाय उठायचं नाही, ही पप्पांची शिस्त. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, त्यानंतर दाखल्यांवर आमच्या नावापुढे काय लिहिलं जातं याच्यावर आमच्या घरात कायम डोळा असे.

वारस दोनच होते. मम्मी आणि बहीण.

“तात्या, माझं नाव नाही यात.”

“आसंल की. नीट बग.”

“नाही.”

त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि हसले. “आगं, तुमची दोगींची नावं सारकीच. त्यात काय एवढं? तुमी काय येगळ्या हाय व्हय?”

आमच्या नावांत फक्त एका वेलांटीचा फरक आहे. आत्यानं बारशाला हौसेनं ठेवलेली जोडनावं. जन्मतारीख एक, बाप एक, वेलांटी सोडली तर नावही एक.

“जाऊ दे गं,” मम्मी म्हणाली. “बहिणीचंच नाव आहे ना? परकं थोडंच आहे?”

हे वाक्य मला हॉलमधल्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. मम्मीनं आम्हाला कधी एकमेकींच्या नावानं हाक मारली नव्हती. अंधारातसुद्धा ती पावलावरून ओळखायची. आणि कागदावर मात्र तिला एकच मुलगी चालत होती. तात्यांनाही चालत होती, पण त्याचं कारण वेगळं होतं. मुलींनी पुढेमागे हक्कसोडपत्र करून द्यायचं, हे त्यांनी पप्पांच्या जलदानविधीच्या दिवशीच बोलून ठेवलं होतं. एक नाव कमी म्हणजे एक सही कमी.

आम्ही दोघी एसटीनं गावी गेलो. तलाठ्यानं रजिस्टर उघडून दाखवलं. माझ्या नावावर लाल शाईची सरळ रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘दुबार नाव, सबब कमी केले.’

“अर्जात नाव चुकून दोनदा पडलं होतं ना, म्हणून काढलं,” तो म्हणाला. जणू माझ्यावर उपकार केले होते.

“ते माझं नाव आहे,” मी म्हणाले. इतक्या हळू, की बहिणीला ते पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “मग हरकत द्या लेखी. सर्कलसाहेब सुनावणी घेतील.”

हरकत मीच लिहिली. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिली, कारण दरवेळी पहिलंच वाक्य अडायचं: ‘मी आहे.’ आपण आहोत हेसुद्धा अर्ज करून कळवावं लागतं, हे मला तेव्हा समजलं.

सुनावणीच्या दिवशी चावडीत गर्दी होती. तात्या बाकावर बसले होते. सर्कलसाहेबांनी दाखले पाहिले. दोन दाखले, एक तारीख. “एकाच मुलीचे दोन दाखले काढतात लोक,” ते म्हणाले, “एकात चूक झाली की दुसरा. दोघी समोर आहात हे दिसतंय मला. पण कागदावर फरक काय दाखवू? सह्या करा बघू.”

आम्ही सह्या केल्या. इंग्लिश मिडियमच्या शाळेत एकाच बाईंनी आमचं अक्षर वळवलेलं. तोच कर्सिव्ह, तीच शेवटची शेपटी. सर्कलसाहेबांनी कागद तलाठ्याकडे सरकवला. “सहीपण तीच!” लोक हसले.

मी म्हणाले, “अंगठा घ्या.”

“काय?”

“आमचे अंगठे घ्या.” या वेळी बहिणीला पुन्हा सांगावं लागलं नाही.

“आरारा,” मागून एक म्हातारा म्हणाला, “फाडफाड इंग्लिश शिकून आंगठाच का शेवटाला!”

तात्यांची मान खाली गेली. आमच्या घरात पप्पांची पिढी सही करू लागली तेव्हापासून कुणी अंगठा लावला नव्हता. त्याची त्यांना लाज वाटली असणार. माझं नाव खोडलं गेलं त्याची मात्र वाटली नव्हती.

कोतवालआबांनी शाईचा पॅड आणला. त्यांनी आधी बहिणीचा अंगठा धरून टेकवला, मग माझा. किती वर्षं ते लोकांचे अंगठे धरत आले होते कोण जाणे. त्यांनी कागद उजेडात नेला आणि तिथूनच बोलले.

“सायेब, ह्या दोन हायेत. थोरलीच्या आंगठ्याला शंख हाय, हिच्या चक्र हाय.”

“नक्की?”

“तुमीच बगा की. आंगठा काय कुणाची नक्कल करतोय व्हय?”

सर्कलसाहेबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी लाल रेघेखाली माझं नाव पुन्हा लिहायला सांगितलं, वेलांटीसकट.

महिन्याभरात नवा उतारा आला. माझं नाव होतं. त्याच्यापुढे कंसात ‘जुळी’ असंही होतं. बहिणीच्या नावापुढे काहीच नव्हतं. बहीण म्हणाली, “मग मी कोण, एकटीच जन्मले?” आणि तिनं स्वतः अर्ज लिहायला घेतला, की एकतर दोघींपुढे लिहा, नाहीतर दोघींचं काढा. तिचा तो पहिला अर्ज. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी सुधारल्या नाहीत.

दिवाळीच्या आधी तात्या स्टॅम्पपेपर घेऊन आले. हक्कसोडपत्र टाइप केलेलं होतं, खाली सह्यांसाठी दोन जागा. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. आम्ही जन्मल्यापासून ते आमच्यात गल्लत करत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी विचारलं.

“ह्यातली तू कंची?”

“चक्रवाली,” मी म्हणाले. “आणि मी सही करणार नाही. तिचं तिला विचारा.”