मागच्या एक्सलमध्ये गेलेला गिअर

गजाननकाकांच्या हाताला काहीच झालं नव्हतं.
झालंय असं त्यांना मी पटवलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. ही पोस्ट तीनदा लिहिली, तीनदा डिलीट केली. आता नाही करत.

काका म्हणजे वरवट बकालचे आमचे शेजारी. जन्मभर एस.टी.चे ड्रायव्हर. रोजची घाटातली ड्युटी, पण गाडी कधी खरचटलीसुद्धा नाही. रिटायर झाल्यावर एकदा आमच्याकडे आले. अंगणात माझा रिमोटवरचा क्रॉलर ट्रक विटांच्या ढिगावर चढताना पाहिला, आणि झालं!

"पंक्या, हे काय बे? मले दे बरं एक डाव."

रिमोट दोन तासांनी परत मिळाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रॉलर हा वेगाचा खेळ नाही. हातभर लांबीचा ट्रक मुंगीच्या चालीनं दगडावर चढवायचा. पुढे एक एक्सल, मागे एक, आणि दोन्हीत गिअरची वेगवेगळी जोडी टाकता येते. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जराशी जास्त फिरली पाहिजेत, म्हणजे ती ट्रकला वर ओढतात. उलट झालं की मागची चाकं ढकलत राहतात, ट्रकचं तोंड उचलतं आणि चढावर तो पाठीवर पडतो.

आमच्या ग्रुपमध्ये यातलं मलाच सगळ्यात जास्त कळतं, हा माझा तोरा. खामगाव, अकोल्याहून पोरं फोटो पाठवायची. "दादा, कोणता गिअर टाकू?"

काकांनी स्वतःचा ट्रक घेतला तेव्हा गिअर अर्थात मीच बसवले. पेपरवर दोन्ही एक्सल उघडे, दोन्ही जोड्या ग्रीसनं माखलेल्या. दिसायला सारख्याच. फरक फक्त दातांच्या संख्येत.

काका बाजूला बसले होते. "दात मोजून घे ना बे. नाही तं चाकायले खडूची खूण कर, अन् उचलून फिरवून पाह्य कोणतं जास्त फिरते."

"काका, हे डेपोचं वर्कशॉप आहे का? मी डोळे मिटून बसवतो."

"बरं बाप्पा. तू साहेब."

रविवारी सोनाळ्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी नाल्यातल्या दगडांवर आमचं जमणं होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकूंनी सगळ्यांसाठी डबाभर चिवडा दिलेला.

पहिल्याच चढावर काकांचा ट्रक पाठीवर.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा नांदुऱ्याचा एक जण ओरडला, "एस.टी. पलटली रे! काका, आधी पॅसेंजर उतरवा!"

सगळे हसले. काकाही हसले. मीसुद्धा हसलो, आणि वर मोठ्या जाणकाराच्या आवाजात म्हणालो, "काका, थ्रॉटल एकदम देऊन राह्यले तुम्ही. हात पहिल्यासारखा नाही राह्यला आता."

काकांनी उजवा हात समोर धरला. उलटा करून पाहिला.
"हाव का?" म्हणाले.

मंगळवारी त्यांचा ट्रक साफ करायला उघडला. मागच्या एक्सलमध्ये पुढची जोडी, पुढच्यात मागची. दात दोनदा मोजले.

काकांचं घर दोन मिनिटांवर. जाऊन एवढंच म्हणायचं होतं, काका, घोळ माझा आहे. नाही गेलो. गुपचूप जोड्या बदलल्या आणि ट्रक नेऊन दिला. वाटलं, आता चढेल, काका खूश होतील, विषय संपेल. एवढ्यातेवढ्यासाठी आपली इज्जत कशाला घालवा!

काकांनी ट्रक चालवून पाहिलासुद्धा नाही. रिमोट माझ्याच हातात परत दिला.
"तूच चालवत जाय. आपला हात गेला, पंक्या."

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्कूटरची चावी मुलाला देऊन टाकली.

"काऊन काका?" मी विचारलं.

"मांगं तुही काकू बसते बे. ट्रक पलटला तं हसता येते."

तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण मग इतके दिवस मुका बसला होतास का, असं ते म्हणाले असते. मी म्हणालो, "हो, तेही खरंच." अक्षरशः हे बोललो मी. लाज वाटते.

दर बुधवारी काका-काकू स्कूटरवर सोनाळ्याला काकूंच्या बहिणीकडे जायचे. ते बंद झालं. बसनं जा म्हटलं तर काका म्हणायचे, मागच्या सीटवर बसायची सवय नाही. मग ओट्यावर बसून राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे. दीड वर्ष.

आणि मागच्या वर्षी एका सकाळी चहा घेता घेता गेले. हार्ट अटॅक. त्याचा माझ्या गिअरशी संबंध नाही, एवढं मलाही कळतं. पण त्या दीड वर्षाचं काय करू?

आज वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर काकूंजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं. गिअर, दात, मंगळवार, सगळं. वाटलं, रागावतील, उठून जा म्हणतील. बरंच झालं असतं.

काकू ताटातल्या सुपाऱ्या निवडत होत्या. निवडून झाल्या, मग बोलल्या.

"मी त्यायले लय डाव म्हटलं, काही नाही झालं तुमच्या हाताले, चला सोनाळ्याले. तं म्हणे, पंक्या खोटं काऊन बोलन?"

काका, माफ करा म्हणायलाही तोंड नाही.
शेवटचा रामराम घ्या.