दुधाखेरीज काही दिले?

ज्या बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काहीही जाऊ नये म्हणून मी त्या घराचे उंबरे झिजवले, त्याच्या तोंडात गुळाचं पाणी मीच घातलं. चुकून नाही, कुणी जबरदस्ती केली म्हणून नाही. स्वच्छ हात धुऊन, कुणी फोटो काढत असावं असा चेहरा करून घातलं.

तेव्हा मी बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होतो. विषय तान्ह्या बाळांच्या पोटातले जंतू. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात पहिल्यांदा कोण राहायला येतं आणि त्यातले भले जंतू कधी घर करतात, हे मला बघायचं होतं. आता दह्याच्या डब्यावरही 'प्रोबायोटिक' छापलेलं असतं. त्या काळी आईला समजावताना मी म्हणालो, "पोटातलं चांगलं विरजण." ती म्हणाली, "मग त्यात एवढं शिकायचं काय?"

सरळ सांगायचं तर मी गावोगाव फिरून बाळांची शी गोळा करत होतो. बर्फ भरलेला थर्मास, त्यात छोट्या बाटल्या. बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या बसमध्ये एकदा शेजारच्या काकांनी थर्मासकडे बघत विचारलं, "चा छे?" मी नाही म्हणालो. "तो? उकाळो?" म्हणजे मग काढा आहे का. मी खरं काय ते सांगितलं. पुढच्या स्टॉपपर्यंत ते उभ्यानं गेले.

माझा सगळा प्रबंध बारा बाळांवर उभा होता. पहिला महिना दुधाखेरीज थेंबभरही काही न मिळालेली बारा बाळं. माझ्या मार्गदर्शक बाई जुन्या बडोद्याच्या मराठी घरातल्या. एरवी मराठी बोलायच्या, प्रयोगशाळेत इंग्रजी आणि रागावल्या की गुजराती. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ही बारा खरी निघाली तर तुझी पदवी. नाही निघाली तर दोन वर्षं पाण्यात. कळलं?" मला कळलं होतं. मला त्या वयात सगळंच कळत असे.

माझी पद्धतही चोख होती. बाळ व्हायच्या आधीच मी घरी जाऊन आजीला, आत्याला, शेजारणीलासुद्धा बसवून तासभर समजावायचो, बाळाला वरचं काही देणं म्हणजे कसा अडाणीपणा आहे ते. बाळ झालं की आठवडाभराने फॉर्म घेऊन जायचो. त्यात एक रकाना होता, 'दुधाखेरीज काही दिले?' मी विचारायचो, त्या 'नाही' म्हणायच्या, मी लिहायचो. अकरा घरं, अकरा नाही. माझ्या वक्तृत्वावर मी बेहद्द खूश होतो.

बारावं घर पादऱ्याचं. तिथल्या आजींना सगळे बा म्हणत. गुजराती घरांत नवजात बाळाला गळथुथी देतात, म्हणजे कापसाची वात गुळाच्या पाण्यात बुडवून बाळाला चोखायला देतात. जो देतो त्याचा स्वभाव बाळात उतरतो अशी समजूत, त्यामुळे माणूस पारखून निवडतात. तिसऱ्या दिवशी नमुना घ्यायला गेलो तर बा वाटी घेऊन माझीच वाट बघत बसल्या होत्या.

"तुम्ही नको म्हणालात म्हणून कुणाला हात लावू दिला नाही, भाई," त्या गुजरातीत म्हणाल्या. "याचा मामा सकाळपासून रुसून बसलाय. पण तोंड गोड केल्याशिवाय कसं चालेल? तमे भणेला माणस छो, तमे ज पिवडावो."

शिकलेला माणूस! अख्ख्या पादऱ्यातून माझी निवड झाली होती. मामा दाराशी उभा राहून माझ्याकडे जळफळत बघत होता. मी मनात हिशेब केला: मामा वाटीभर पाजेल, मी एक थेंब. म्हणजे विज्ञानाचं नुकसान मीच टाळतोय. ही अक्कल मला त्या क्षणी फार मोठी वाटली. मी वात बुडवली आणि बाळाच्या ओठांना लावली. बाळाने जी ओढून चोखली म्हणता! बा डोळे पुसत होत्या आणि मी मान कलती करून हसत होतो. त्या आठवड्याचा शेवटचा नमुना घेतला त्या दिवशी, परतीच्या बसमध्ये गुडघ्यावर फॉर्म ठेवून मी त्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'नाही'.

प्रयोगशाळेत त्या नमुन्यातून प्लेटवर जे उगवलं ते त्याहून ठळक होतं. सुरकुतलेल्या, पसरट, कोरड्या कॉलनी. गुळात, मातीत सापडणारे, उकळूनही न मरणारे चिवट जंतू. मी बघताक्षणी ओळखले. बाईंनीही ओळखले, आणि त्या हरखल्या.

"नुसत्या दुधावरच्या बाळात हे? आलं कुठून? बाकी अकरांमध्येही अधूनमधून काहीतरी दिसतंय, ते मी नजरचूक समजत होते. अरे, हे तर सगळ्यांना सांगायला हवं!"

विभागातल्या शनिवारच्या चर्चेत त्या स्वतः ते मांडणार होत्या. मी चार दिवस गप्प बसलो. बोललो तर बाराची अकरा होणार. नाही बोललो तर माझा गूळ बाईंच्या नावावर शोध म्हणून लागणार. शुक्रवारी दुपारी त्या पारदर्शिकेवर मथळा लिहायला बसल्या, तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"बाई, ते गुळातून आलंय."

"कुठल्या गुळातून?"

"मी पाजलेल्या."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "किती?"

"एक वात."

"आणि फॉर्मवर काय लिहिलंस?"

मी सांगितलं. मग धीर करून पुढे म्हणालो, "पण बाकीची अकरा पक्की आहेत. एकेका घरी मी जातीने विचारलंय." हे म्हणताना माझा आवाज खणखणीत होता. एक चूक कबूल केली की समोरच्या माणसाला आपण फार प्रामाणिक वाटू लागतो, स्वतःला तर जास्तच.

बाई उठल्या, पर्स घेतली. "हेंडो," चल, एवढंच म्हणाल्या. गुजराती सुरू झाली होती.

पहिलं घर बडोद्यातच, अकोटा भागातलं. बाई पलंगावर टेकल्या, बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या जावळाचं कौतुक केलं आणि सहज विचारलं, "गळथुथी कोणी दिली?"

"एना फुआए!" आजी उत्साहाने म्हणाल्या, म्हणजे बाळाच्या आत्याच्या यजमानांनी. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्या लगबगीने चहा ठेवायला आत गेल्या.

सावली गावात मामाने दिली होती. तिथल्याच दुसऱ्या घरी मामाची गाडी चुकली म्हणून पाचव्या दिवशी, पण दिली होतीच. एका ठिकाणी दोघांनी दिली होती, भांडण नको म्हणून. माझी सगळी भिस्त रेल्वे कॉलनीतल्या एका मराठी घरावर होती. तिथली सून चांगली ग्रॅज्युएट, तिने तर माझ्यासमोर वहीत मुद्दे टिपून घेतले होते. बाईंनी विचारलं, "मध कोणी चाटवला गं?"

"सासूबाईंनी. सोनं उगाळून."

"अहो वहिनी," मी ओरडलोच, "मला तुम्ही नाही म्हणाला होतात!"

"मग काय म्हणणार, भावजी? आधी तुम्ही तासभर आम्हाला अडाणी म्हणालात आणि नंतर विचारलंत, दिलं का म्हणून. हो म्हणायची कुणाची छाती होणार?"

तीन दिवसांत अकरा घरं झाली. अकराच्या अकरा बाळांनी काही ना काही चाखलं होतं. माझ्या बारा बाळांत नुसत्या दुधावरचं एकही नव्हतं. दोन वर्षं विश्वामित्री नदीत वाहून गेली होती.

शेवटच्या घरातून निघून आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. मी हार मानणारा नव्हे. म्हणालो, "बाई, आपण विषयच फिरवू. गळथुथीने बाळाच्या पोटात काय होतं, हेच बघू. कुणी याकडे नीट लक्ष दिलेलं नाही. नवीन बाळं घेऊ, आधी भाषण देणार नाही, आणि 'कोणी दिली' असं विचारू." मला ती कल्पना उत्तम वाटली आणि आजही वाटते; पुढे माझी पदवी त्याच कामावर झाली.

बाईंनी एका रिक्षाला हात केला, ती थांबली नाही.

"करू," त्या म्हणाल्या. "कल्पना चांगली आहे. पण फॉर्म मी भरीन."

"बाई, अकरा घरं माझ्याशी खोटं बोलली. त्यात माझा काय दोष?"

"अकरा घरांचं सोड. तुला फक्त एकाच बाळाचं खरं काय ते ठाऊक होतं, आणि तेवढं एक तू स्वतः खोटं लिहिलंस."