मलिका आधी पाकीट उलटते

माझी धाकटी बहीण मलिका सावेडीत राहते. तिच्या घरी कोणी बिस्किटाचा पुडा नेला, की ती तो आधी उलटा करते. किंमत बघण्यासाठी नव्हे. मोबाईलच्या कॅमेऱ्यात बारीक अक्षरं मोठी करून ती मागचे घटक वाचते.

तिचे यजमान नूरमहंमद बकऱ्यांचे व्यापारी. काही वर्षांपूर्वी बाजारात त्यांना जनावरांवरचे गोचीड चावले. पुढे मटण खाल्लं की काही तासांनी अंगावर गांधी उठू लागल्या. एकदा तर श्वासच अडकला, दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, ही गोचिडामुळे झालेली ॲलर्जी. शेळी, म्हैस, कुठल्याच सस्तन प्राण्याचं मांस चालणार नाही. काहींना दूध चालतं, यांना तेही सोसत नाही. कोंबडी, मासे, अंडी खाता येतात.

"बकऱ्यांचा व्यापारी अन् बकऱ्याशीच वैर!" असं त्यांचा भागीदार सहादेव अजूनही चिडवतो.

मटण टाळणं सोपं. पाकिटांचं तसं नाही. हिरवा ठिपका दिसला की आपण निर्धास्त होतो. पण दूध शाकाहारीच, त्यामुळे मसाला वेफर्सवर दुधाची भुकटी असली तरी ठिपका हिरवाच. दहावी शिकलेल्या मलिकानं जिलेटिनपासून व्हे पावडरपर्यंत, जनावरांपासून येणाऱ्या घटकांची सगळी नावं डॉक्टरांना विचारून पाठ केली. मी पतसंस्थेतून पुढच्या वर्षी निवृत्त होईन. वाचल्याशिवाय सही करत नाही अशी माझी ख्याती. ही सवय घराण्यातलीच, असं हल्ली मी अभिमानानं सांगतो.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मुलीची, अलिझाची, मंगनी होती. काष्टीचे व्याही शौकतभाई पिशवीभर पाकिटं घेऊन आले.

"नूरभाईंना मिठाई चालत न्हाई, म्हणून मुद्दाम बिस्किटं आणली. हिरवा ठिपका हाय!" म्हणत त्यांनी पाकीट फोडलं आणि बिस्कीट थेट नूरमहंमदच्या तोंडाशी नेलं. भरल्या बैठकीत व्याह्याच्या हातचं नाकारायचं कसं? नूरमहंमदनं तोंड उघडलं.

"थांबा, भाई!" मलिकानं मध्ये हात घातला.

शौकतभाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, सोयरीक गेली.

मलिकानं पाकीट उलटून वाचलं. "यात दुधाची भुकटी आहे. यांना तुमचा हात मागे सारवेना, म्हणून मी आडवी आले. रागवायचं तर माझ्यावर रागवा. पण रात्री यांचा श्वास अडकला, तर तुम्हालाच जन्मभर लागून राहील."

शौकतभाईंनी बिस्कीट खाली ठेवलं. खिशातून चष्मा काढला आणि पिशवीतली पाकिटं एकेक उलटून बघू लागले. शेवटी एक वर धरलं.

"केळी, पाम तेल, मीठ. बास. गोड न्हाई, पन हे चालंल का, वहिनी?"

"द्या, बघते."

"माज्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"आहे की. तरी बघते."

सगळे हसले. तिनं वाचून मान हलवली, तेव्हाच शौकतभाईंनी तो खारा वेफर नूरमहंमदच्या तोंडात घातला.