उंबऱ्यावरचं मीठ

साठ सालानंतरच्या टंचाईच्या दिवसांत आम्ही बंगळूरला राजाजीनगरात बिऱ्हाड केलं होतं. गल्लीत सायकलवरून एक मीठवाला यायचा. बेळगावकडचा असावा, कानडी हेल काढून मराठी बोलायचा. मीठ तो कधी हातात देत नसे. लाकडी माप भरून उंबऱ्यावर ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरकायचा.

तांदूळ, साखर मिळेनाशी झाली होतीच. एका सकाळी मीठही संपणार अशी आवई उठली आणि आम्ही साऱ्याजणींनी डबे घेऊन त्याला गाठलं. तो घरटी एकच माप देत होता. मी जास्त मागितलं तेव्हा पोत्यातून मान वर न काढता म्हणाला, "अक्का, आज आमटीत कालच्यापेक्षा जास्त मीठ घालणार काय?"

बायका हसल्या. मला झोंबलं. मी वळसा घालून पुढच्या गल्लीत गेले आणि डोक्यावरून पदर ओढून आणखी दोनदा माप घेतलं. त्यानं ओळखलं नाही, असंच मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या सायकलीनं थेट माझ्याच दाराशी आला.

"स्वल्प मीठ द्या अक्का. काल सगळं विकलं, घरचं काढून ठेवायचं राहिलं."

एवढी घरं सोडून माझंच का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी वाडगाभर मीठ उंबऱ्यावर ठेवलं.

त्यानं त्यातलं मूठभर घेतलं, वाडगा परत ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला.