हातावरचं नाव उन्हाने उडालं

दुपारच्या साक्षरता वर्गातल्या बायांनो, आपली घरोघर फिरणारी वही आज माझ्याकडे आलीय आणि डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून सकाळचंच लिहिते.

एरंडोलला रेशनकार्डासाठी रांगेत उभी होते. कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं. ते तोंडाने कसं घेणार? नेहमीसारखा हात पुढे केला. लग्नानंतर जत्रेत मनगटाच्या वर नाव गोंदून घेतलंय. ते दाखवलं की आजवर काम व्हायचं.

कारकून वाकून वाकून बघत म्हणाला, "दगड?"

सगळी रांग हसली. शेवटच्या अक्षराचं शेपूट उन्हाने पार उडून गेलंय. मी नुसती नाही नाही म्हणून मान हलवत राहिले. लिहून द्यायलाही हात धजला नाही. त्याने कार्डावर 'दगड' लिहून टाकलं!

घरी आल्यावर हे माझ्यावरच डाफरले, "हात झाकीसन काम करानं व्हतं ना!"

झाकून? बारा वर्षं यांचीच कपाशी निंदतेय मी, कोपरापर्यंत हात उघडे टाकून. खोबरेल चोळलं, चिंधी बांधली, ती घामाने गळून पडते. यांच्या दंडावरचा मारुती मात्र सदऱ्याच्या बाहीखाली काळाकुळकुळीत आहे.

उद्या कार्ड दुरुस्त करायला परत जायचंय. तुम्ही काय केलं असतं? शेपूट पुन्हा टोचून घेतलं असतं, की तोंड उघडलं असतं?

मी आधी इथे लिहून बघते.

दगडू.

घ्या, शेपटासकट.