साउंड कार्डासाठी थांबलेली गल्ली

कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये मी माझ्या साउंड कार्डाची वायर स्पीकरला जोडली आणि बासरीचं रेकॉर्डिंग लावायच्या आधीच 'घुंऽऽ' असा आवाज सुरू झाला. मला आधी वाटलं, पंख्याचा असेल. मागच्या बाकावरच्या एकाने भुंग्यासारखा आवाज काढला, वर्ग हसला, तेव्हा कळलं की घुं माझ्याच कार्डातून येतंय.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय मी स्वतः मागून घेतला होता. लॅबमधल्या मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरमधून सरांनी ते जुनं कार्ड मला काढून दिलं होतं. त्यावरचे वाळलेले कपॅसिटर काढून नवे बसवायचे, आवाज वाढवणारी आठ पायांची आयसी बदलायची, आणि आवाज खरंच स्वच्छ झालाय हे सगळ्यांना ऐकवायचं. तीन आठवडे लागले. सोल्डरिंग करताना दोनदा बोट भाजलं. पण घरी मी शंभर वेळा ऐकलं होतं, आणि एकदाही घुं ऐकू आलं नव्हतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "ऐकून आणलं नव्हतंस काय?"

"ऐकलं होतं, सर. घरी."

"मग शांत ठिकाणी बसून परत ऐक. लॅबमध्ये परीक्षा चालू आहेत, इथे जागा मिळणार नाही. परवा दुपारी पुन्हा दाखव. नाही जमलं तर तयार किट देतो, ते जोड. पास होशील."

मी मान हलवली. किट जोडून पास व्हायचं नव्हतं मला. ते कार्ड मी केलं होतं, ते वाजायला हवं होतं. आणि आमच्या घरी शांत ठिकाण नाही, हे सरांना सांगायचा धीरही झाला नाही.

आम्ही वडगावात राहतो. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीला लागून माझं टेबल. डाव्या घरात माग, उजव्या घरात माग, समोर माग. लग्नसराई होती, त्यामुळे साड्यांचं काम दिवसपाळी-रात्रपाळी चालू होतं. पाहुणे आले की ओरडून बोलतात आणि आम्हाला कळत नाही हे का ओरडतायत. अशा घरात मी हेडफोन लावून बसले होते आणि 'किती स्वच्छ आवाज आहे' म्हणत होते! घुं पहिल्यापासून होतंच. ते मागांच्या खाली दडलं होतं. बसमध्ये हे लक्षात आलं तेव्हा मला एकटीलाच हसू फुटलं. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी जरा पलीकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला लाइट गेली. सगळी गल्ली एकदम गप्प झाली. मी धावत टेबलाशी गेले, हेडफोन कानाला लावले आणि मग समोरच्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. माझा मोठा भाऊ दारात उभा होता. "ऐक की आता," तो म्हणाला, "लई शांत हाय."

अर्ध्या तासाने लाइट आली, आणि माग पुन्हा सुरू झाले. अमावास्येला आमच्याकडे माग बंद ठेवतात, पण ती अजून आठ दिवस लांब होती. मी माझ्या वडिलांजवळ, आप्पांजवळ गेले आणि काही न बोलता परत आले. पुन्हा गेले, तुटलेला धागा ते जोडत होते, म्हणून परत आले. तिसऱ्यांदा फिरले तेव्हा त्यांनीच हाक मारली.

"ए, ये हिकडं. तीनदा येऊन गेलीस. पोट दुखतंय काय?"

मी सगळं सांगितलं. कार्ड, घुं, किट. त्यातलं किती कळलं ठाऊक नाही, पण ते नीट ऐकत होते.

"म्हंजे तुला तुझ्या मशीनचा आवाज ऐकायचाय, आणि माझ्या मशीनचा नको."

"व्हय."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

आप्पा एका मागाकडून दुसऱ्याकडे गेले आणि चारही माग बंद केले. कामाच्या दिवशी, लाइट असताना, कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी माग थांबवलेले मी कधी पाहिले नव्हते. पण दोन्ही बाजूंच्या भिंती अजून धडधडतच होत्या. आई मागासाठी कांड्यांवर सूत भरत बसली होती. हातातली कांडी ठेवून ती उठली. "थांब, शेजारी सांगून येते."

उजवीकडचा आवाज थांबला. मग डावीकडचा. मी हेडफोन लावले.

पुढे जे झालं त्याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. आमच्या गल्लीत भर दिवसा, लाइट असताना, एकापाठोपाठ एक माग थांबायला लागले की त्याचा एकच अर्थ असतो. कुणीतरी वारलंय. कोण, ते कुणी विचारत बसत नाही. आधी आपला माग बंद करायचा, मग बघायला निघायचं. आमचे तीन घरांचे माग थांबले म्हणून चौथ्याने थांबवले, त्याचं ऐकून पाचव्याने. थेट देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गल्ली शांत झाली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी ऐकत होते. घुंऽऽ. स्पष्ट, सरळ, न थांबणारं. आपल्या कामातली चूक ऐकून माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. कॉम्प्युटरचं झाकण काढलेलंच होतं. आईच्या टोपलीतली एक रिकामी प्लॅस्टिकची कांडी घेतली आणि तिच्या टोकाने कार्डावरचा एकेक जोड हलके दाबत गेले. पहिला कपॅसिटर, काही फरक नाही. दुसरा, नाही. आयसीजवळ, नाही. वायर जिथे लागते त्या सॉकेटचा एक पाय दाबला आणि घुं बंद. सोडला, पुन्हा घुं. दाबला, बंद. वरून तो जोड छान चकचकीत दिसत होता. आतून त्याने धरलंच नव्हतं.

"सापडलं!" मी ओरडले आणि वळले.

दार माणसांनी भरलं होतं. पुढे कोपऱ्यावरच्या आज्जी, डोक्यावर पदर घेतलेल्या. त्यांच्यामागे समोरच्या घरातले काका, पांढरा सदरा घालून, हात जोडून.

"कोण गेलं गं?" आज्जींनी हळू आवाजात विचारलं.

आई कशीबशी म्हणाली, "कोण न्हाय गेलं, मावशी. पोरीचा अभ्यास हाय."

"अभ्यास?"

"व्हय."

"अभ्यासाला माग बंद?"

काकांनी आपल्या सदऱ्याकडे बघितलं. "मी इस्त्रीचा सदरा घालून आलोय की रं! हा आप्पा दारात उभा दिसला, म्हटलं हा तर हाय. मग कोण?"

"माझ्यावरच डोळा हाय व्हय तुझा?" आप्पा म्हणाले, आणि आज्जी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मग सगळेच हसले. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. एवढे माग माझ्यामुळे उभे होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर आज्जी खाली बसल्याही होत्या.

"आता आलोय तर ऐकूनच जातो. कर तुझं काय ते."

मी कॉम्प्युटर बंद केला, कार्ड काढलं. सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत कुणी हललं नाही. जुना जोड वितळवून नवा केला, या वेळी घाई न करता. कार्ड परत बसवलं. आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला लई वेळ घेतो. दहा मिनिटं केव्हाच संपली होती. दहाबारा माणसं एका निळ्या स्क्रीनकडे बघत बसली होती.

हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. खरोखर काही नाही. मी छोटे स्पीकर जोडले आणि बासरी लावली.

थोड्या वेळाने आज्जी म्हणाल्या, "ह्यो मधी मधी दम घेतोय बघ."

वाजवणाऱ्याचा श्वास! तेच रेकॉर्डिंग मी वर्षभर ऐकत होते, तो श्वास मलाही कधी ऐकू आला नव्हता. मी आज्जींना मिठीच मारणार होते, पण मधे गरम सोल्डरिंग आयर्न ठेवलेलं होतं.

"मला घुं ऐकू येतंय अजून," आप्पा म्हणाले.

मी स्पीकरला कान लावला. काही नव्हतं. आप्पांनी स्वतःच्या कानावर बोट ठेवलं. "हितं. लई वर्सं झाली."

"माझ्या बी," काका म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. मीही हसले. मागांनी कानात बसवलेलं ते घुं दुरुस्त करणं मात्र माझ्या हातचं नव्हतं. मी बासरी पुन्हा पहिल्यापासून लावली आणि आवाज थोडा वाढवला, आप्पांना श्वास ऐकू येईपर्यंत. त्यांनी मान हलवली तेव्हाच बंद केली.

दुसऱ्या दिवशी सेमिनार हॉलमध्ये मी वायर जोडून उभी राहिले.

"चालू कर," सर म्हणाले.

"चालूच आहे, सर."

सरांनी आवाज पूर्ण वाढवला आणि स्पीकरला कान लावला. मागच्या बाकावरून तोच मुलगा म्हणाला, "करंट गेला काय?" मग मी बासरी लावली. पहिल्या सुराआधी श्वास आला, आणि तो मुलगा पुढे वाकून ऐकायला लागला.

खूश झाले की सर कन्नडमध्ये जातात. "चलो आतु," ते म्हणाले, म्हणजे छान झालं. "शांत जागा मिळाली म्हणजे?"

या वेळी मी सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. वर्ग हसला, आणि या वेळचं हसणं मला आवडलं. सरांनी माझ्या फाइलवर दोन ओळी लिहून सही केली. किटचा विषय निघाला नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा चारही माग जोरात होते. आप्पांनी काम न सोडता भुवया उडवून विचारलं, काय झालं? मी फाइल उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी सहीवरून नजर फिरवली, मग बोटाने शेजारचं घर दाखवलं. मग समोरचं. मग बोट देवळाच्या दिशेने लांब नेलं.

म्हणून मी फाइल घेऊन गल्लीभर फिरले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत माझे चार कप चहा झाले होते, आणि आज्जी पाचवा घेऊन दारातच उभ्या होत्या.