पेटीवरचं दुसरं नाव

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला तर मी ऑफिसात कोणी डब्यात काय आणलं तेही सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर आत्ताही तोंड उघडलं नसतं. इतका मी भित्रा आहे.

भित्रा हा शब्द उगाच वापरत नाहीये. शाळेत हजेरीत नाव आलं तरी मी आधी आजूबाजूला बघायचो, मग 'हजर' म्हणायचो. तसाच इंजिनियर झालो, तसाच जर्मनीत एर्लांगेनला येऊन वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटलो. ही सन दोन हजार नंतरच्या काही वर्षांची गोष्ट. पासपोर्टात परवान्याचा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर एक ओळ छापलेली होती — स्वतंत्र व्यवसायास परवानगी नाही. ती जर्मन ओळ मला शुभंकरोतीपेक्षा चांगली पाठ होती. नोकरी कर आणि गप्प बस, एवढाच तिचा अर्थ. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो ना? माझा राक्षस आउसलँडरबेहोर्डेत बसायचा, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांच्या कचेरीत.

मिलिंद माझा कॉलेजातला मित्र. तो माझ्या पुष्कळ आधी आलेला, कायमचा परवाना मिळालेला, त्यामुळे त्याला धंद्याची मोकळीक होती. नोकरी सोडून त्याने छोटी फर्म काढली. इथल्या कारखान्यांना लागणाऱ्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज पुण्यात करून घ्यायची आणि इथे द्यायची. फर्म म्हणजे काय, तो, एक लॅपटॉप आणि त्याची बायको शुभदावहिनी. राहायचे एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर, आणि त्या बाईंनी बजावून ठेवलेलं — माझ्या टपालपेटीवर कुठल्याही धंद्याचं नाव लागायचं नाही.

आता यात एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं होतं. आपल्याकडे पोस्टमन माणूस शोधत येतो, नाही सापडला तर शेजारी देतो, पानवाल्याला विचारतो. इथे माणसाशी कोणाला घेणं नाही, पेटीवरचं नाव बघतात. नाव असेल तर पत्र आत पडणार. आणि कोर्टाचं पिवळं पाकीट असेल, तर ते पेटीत पडल्या दिवशी तुम्हाला मिळालं असं धरतात. टपालवाली पाकिटावर तारीख लिहून जाते. मग तुम्ही उघडा, न उघडा, दोन आठवड्यांची मुदत धावायला लागलेली असते. छोट्या फर्मला ऑफिस नसलं तरी चालून जातं. पण तिच्या नावाचं पत्र हातात घेणारा, घेऊन लगेच कळवणारा एक भरवशाचा माणूस लागतोच. मिलिंदने तो माणूस म्हणून मला निवडलं.

मी हो का म्हटलं? नाही म्हणायची भीती वाटली म्हणून. माझ्या आडनावाखाली त्याने स्वतःच्या हाताने फर्मच्या नावाची पट्टी चिकटवली, अंगठ्याने दाबून सरळ केली. त्या दिवसापासून दर शनिवारी वहिनी सायकलवरून यायच्या, कापडी पिशवीत टपाल भरायच्या, चहा घ्यायच्या. माझी बायको तेव्हा पुण्यात होती. तिला दिवस गेले होते. माझा परवाना वाढवायला टाकलेला, तो वाढला तरच तिला इकडे येता येणार होतं. वहिनी कधी रिकाम्या हाताने यायच्या नाहीत. थालीपीठ, नाहीतर डब्यात आमटी. "भावजी, एकटे आहात तोवर जेवणाची आबाळ नको," म्हणायच्या.

आणि मी रोज जिन्यातून येता-जाता ती पट्टी बघायचो. माझं नाव, खाली धंद्याचं नाव. एका पेटीवर! परवान्याच्या कचेरीतलं कोणी बघून गेलं तर? हा माणूस लपून व्यवसाय करतो, असं कोणी लिहून घेतलं तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझी तर तोवर चोरीही झालेली नव्हती.

मग पिवळं पाकीट आलं. मिलिंद तेव्हा कामासाठी काही आठवडे पुण्याला गेला होता. पाकिटावर न्यायालयाचं नाव, त्याच्या फर्मचं नाव — आणि पत्ता माझा. मला दुसरं काही दिसलंच नाही. न्यायालयाच्या कागदांत माझा पत्ता! आता हे घेतलं तर मी त्या धंद्यात सामील ठरणार, असं मनाने घेतलं. कोणाला विचारलं असतं तर हसून सांगितलं असतं की बाबा, दुसऱ्याचं टपाल ठेवून घेणं म्हणजे व्यवसाय नव्हे. पण विचारायचं म्हणजे बोलायचं आलं.

मी ते कुकरच्या रिकाम्या खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर चढवलं. शनिवारी वहिनी आल्या, बाकीचं टपाल मी त्यांच्या पिशवीत घातलं. "एवढंच ना हो?" त्यांनी विचारलं. एवढंच, मी म्हणालो. त्या दिवशी थालीपीठ होतं. मी ते खाल्लं.

सोमवारी फर्मची पट्टी नखाने खरवडून काढली. वाटलं, सुटलो. पण टपालवाली आमच्या रस्त्यावर बरीच वर्षं होती. पट्टी नसली तरी फर्मची पेटी कुठली हे तिला ठाऊक होतं, आणि दुसरं पिवळं पाकीट तिने इमानेइतबारे त्याच पेटीत टाकलं. तेही खोक्यात गेलं.

एका गिऱ्हाइकाने ड्रॉइंग्ज चुकीची म्हणून दावा लावला होता. चूक गिऱ्हाइकाचीच होती आणि तसं दाखवणारे ईमेल मिलिंदकडे होते. पण त्याने उत्तरच दिलं नाही म्हणून निकाल परस्पर त्याच्या विरुद्ध गेला. तो परत आला तेव्हा फर्मचं खातं गोठलेलं होतं.

इथवरचं मी भीतीच्या नावावर घालू शकलो असतो. पुढचं नाही.

मिलिंद वहिनींना घेऊन माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. "आल्झो, म्हणजे असं बघ, ऐक ना, वकीलबाई म्हणतात अजून रस्ता आहे. पत्र दुसऱ्या कोणाकडे अडकलं, माझ्यापर्यंत आलंच नाही, हे त्या माणसाने सही करून सांगितलं तर केस परत उघडते. कुठेतरी हरवलं असेल, एवढ्याने भागत नाही. तुझ्याकडे राहिलं का रे? राहिलं असेल तर राहिलं, मी एका शब्दाने बोलणार नाही. फक्त लिहून दे."

खोकं त्याच्या डोक्याच्या वर, कपाटावर होतं. उठून हात वर केला असता तरी पुरलं असतं. पण सही — न्यायालयात — माझी? माझ्या परवान्याचं उत्तर यायचं होतं.

मी म्हणालो, "जे आलं ते सगळं मी वहिनींच्या हातात दिलं."

मिलिंद बायकोकडे वळला. नुसतं बघितलं. वहिनी त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं आता विचारतील. पण त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "सायकलवरून येताना पडलं असेल. माझंच लक्ष नसेल."

मी त्यांना पाणी दिलं.

फर्म बंद झाली. वर्षाच्या आत ती दोघं पुण्याला परतली. पाकिटं मी फाडून स्टेशनजवळच्या कागदाच्या डब्यात टाकली. माझा परवाना वाढला, बायको आली, मुलगी झाली. आउसलँडरबेहोर्डेने त्या पेटीबद्दल मला कधी एक अक्षर विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी पुण्यात मिलिंदच्या मुलाच्या मुंजीला गेलो. वहिनी दारात उभ्या होत्या, केस पांढरे झालेले. अगदी प्रेमाने विचारपूस केली, मुलीच्या गालावरून हात फिरवला. मी आहेराचं पाकीट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चटकन दोन्ही हात मागे घेतले.

"माझ्याकडे नको हं, भावजी," त्या हसून म्हणाल्या. "माझ्या हातून हरवतं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. यांच्याकडे द्या."

मी ते मिलिंदकडे दिलं.